चाकातून आवाज येतोय? बेअरिंग बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

गाडीच्या चाकाकडून घूं घूं ऐकू आलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव बेअरिंगचं, म्हणजे चाक सहज फिरावं म्हणून त्याच्या मध्यात बसवलेल्या कड्याचं, येतं. बेअरिंग बदललं जातं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली की घूं घूं तशीच. मीही हे करून बसलो आहे. पुढची दोन्ही बेअरिंग नवी घातली, आणि आवाज करत होता मागचा डावा टायर. आवाज मी बरोबर ऐकला होता, फक्त तपास उलट्या टोकाकडून सुरू केला होता.

आवाज कसा आहे यावरून फारसं काही ठरत नाही. घूं घूं टायरही करतो आणि बेअरिंगही. कर्र आवाज संपलेल्या ब्रेक पॅडचा असू शकतो किंवा डिस्कजवळ (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला आवळतात ती चकती) अडकलेल्या खड्याचाही. खरी खूण वेगळीच असते. तो आवाज कशाने वाढतो, कशाने कमी होतो आणि कशाचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, हे पाहायचं. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. स्वस्त आणि सोपं आधी, पाना लागणारं नंतर. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर पुढच्याचा निकाल भरवशाचा राहत नाही.

## आधी हे: तपास नको, गाडी थांबवा

तीन प्रकारांत गाडी चालवून बघण्याच्या फंदात पडू नका.

ठक ठक आवाजासोबत स्टेअरिंग किंवा सीट हलतेय आणि दोन-चार दिवसांत चाक काढून बसवलेलं आहे, तर नट सैल असण्याची शक्यता मोठी. बाजूला थांबा, नट तपासा.

ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खर्र आवाज येतो, म्हणजे पॅडचं अस्तर बहुधा संपलं आहे आणि मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासते आहे.

एका चाकाजवळ जळका वास येतोय किंवा धूर दिसतोय, तर ब्रेक चिकटला असेल किंवा बेअरिंग जाम होत असेल. अशा चाकावर पाणी ओतू नका. तापलेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो. ते आपोआप थंड होऊ द्या.

## तयारी

लागणारं सामान थोडं आहे: हवेचा दाब मोजायचा गेज, टॉर्च, गाडीबरोबरचा जॅक आणि व्हील पाना, दोन जॅक स्टँड, चाकांना अडवायला लाकडी ठोकळे आणि कानाला बरा असा एक सोबती. सोबती खरंच हवा. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा की आवाज ऐकायचा? दोन्ही एकदम जमत नाही. शिवाय सोबत्याला आधी पुढे आणि मग मागे बसवून ऐकायला लावता येतं.

निघण्याआधी गाडी रिकामी करा. डिकीतला जॅक, सैल स्टेपनी, सीटखाली लोळणारी बाटली, दाराच्या कप्प्यातली नाणी सगळं बाहेर काढा. हसू येईल, पण ‘मागच्या चाकाचा’ म्हणून शोधलेले कित्येक ठकठक आवाज स्टेपनीचा स्क्रू आवळला की थांबतात. एसी, पंखा, गाणी बंद ठेवा.

रस्ता असा निवडा, जिथे थोड्याच अंतरात गुळगुळीत आणि खडबडीत असे दोन्ही पट्टे आहेत आणि रहदारी नाही. पुढच्या सगळ्या चाचण्या याच रस्त्यावर करा. रस्ता बदलला की आवाजही बदलतो आणि मग तुलना करायला काही उरत नाही.

## टप्पा १: उभ्या गाडीची पाहणी

टायर थंड असताना चारही चाकांतली हवा मोजा आणि दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याएवढी भरा. गाडी चालवून आल्यावर मोजलेला दाब जास्त दाखवतो, म्हणून थंड टायरवरच मोजायचं.

आता प्रत्येक टायरच्या खाचा टॉर्चने बघा. अडकलेला खडा, खिळा किंवा स्क्रू प्रत्येक फेऱ्याला एकदा रस्त्यावर आपटतो आणि टिक टिक वाजतो. हा आवाज मोजून पकडता येतो. लहान मोटारीच्या टायरचा, म्हणजे १७५/६५ आर १४ अशा मापाचा, घेर सुमारे १.८ मीटर भरतो. ताशी २० किलोमीटरला असं चाक सेकंदाला साधारण ३ फेरे घेतं आणि ४० ला ६. तुमची टिकटिक याच्या आसपास पडत असेल तर चाकावर एकाच जागी काहीतरी आहे. खडा असेल तर स्क्रू ड्रायव्हरने काढा.

सावधान: खिळा किंवा स्क्रू दिसला तर तिथेच उपटू नका. तो आत असेतोवर हवा धरून असू शकतो. पंक्चर काढण्याची किंवा स्टेपनी लावण्याची सोय झाल्यावरच हात लावा.

मग टायरचा पृष्ठभाग. आधी डोळ्यांनी बघा, कारण झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आलेली असेल तर हात फाटेल. तार नाही अशी खात्री झाली की तळहात घेराच्या दिशेने फिरवा, नंतर आडवाही फिरवा, पुढे आणि मागे. हाताला वर-खाली लाटा लागल्या तर झीज खड्ड्याखड्ड्यांची आहे. तिचं मूळ बहुतेकदा थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये (धक्के झेलणारा दांडा) किंवा चाकाच्या बिघडलेल्या बॅलन्सिंगमध्ये, म्हणजे वजनाच्या समतोलात, सापडतं. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे ती ज्या कोनात सरळ उभी असायला हवीत तो कोन, बिघडलं आहे. हे दोन्ही टायर हुबेहूब बेअरिंगसारखे गुरगुरतात. दोन्ही कडा झिजल्या असतील तर गाडी कमी हवेवर चालली आहे आणि फक्त मधला भाग झिजला असेल तर जास्त हवेवर. त्यांचा आवाज वेगळा काढण्याच्या नादाला लागू नका. खाचांतल्या खुणेच्या पट्टीपर्यंत, म्हणजे १.६ मिलीमीटरपर्यंत, झीज आली असेल तर टायर तसाही बदलायचाच आहे.

बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर तपास इथेच संपला. तो टायर आज बदला. टायरच्या वयाचा आकडाही वाचून ठेवा. ‘डॉट’ (DOT) या खुणेच्या ओळीतले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. जुना, कडक झालेला टायर भरपूर खाचा असूनही आवाज करतो.

शेवटी चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक आणि मडफ्लॅप हलवून बघा. क्लिप निसटलेलं प्लॅस्टिक टायरला घासतं, आणि बहुधा फक्त वळणावरच.

पडताळा: नट हाताने नाही, पान्याने तपासले का? एकही सैल निघाला तर आवळून गाडी पुन्हा चालवून बघा. पुढचे टप्पे कदाचित लागणारच नाहीत.

## टप्पा २: आवाज चाकाचाच आहे ना?

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आवाज आला तर तो इंजिनाकडचा आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही.

नाही आला तर ताशी ५० च्या आसपास स्थिर वेगात आधी तिसऱ्या गिअरमध्ये चालवा, मग त्याच वेगाला चौथ्यात. इंजिनाचे फेरे बदलले, चाकांचे तेवढेच राहिले. आवाजाची पट्टी तीच राहिली तर तो चाकाकडचा, गिअरबरोबर बदलली तर इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सकडे बघा. ॲटोमॅटिक गाडीत हाताने गिअर बदलायची सोय असेल तर ती वापरा.

सावधान: ‘इंजिन बंद करून ऐका’ हा सल्ला अजून फिरत असतो. चालत्या गाडीत चावी फिरवू नका. ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते, आणि स्टेअरिंग लॉक होण्याचा धोका वेगळाच.

फक्त खड्ड्यावरून किंवा गतिरोधकावरून जाताना ठक् होत असेल आणि सपाट रस्त्यावर शांतता असेल तर तो फिरत्या चाकाचा आवाज नाही. शॉक ॲब्सॉर्बरची वरची बैठक, स्टॅबिलायझरची लिंक, लोअर आर्मचे बुश हे सस्पेन्शनचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडून धक्के झेलणाऱ्या रचनेचे, भाग त्याचे ठरलेले धनी. तुमचा तपास तिकडे वळतो.

## टप्पा ३: आवाज कशाने बदलतो?

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यांत जास्त गाळला जाणारा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेग, वळण आणि ब्रेक एकदम बदलले तर कशामुळे काय झालं हे कळणार नाही.

रस्ता बदलून. खडबडीत पट्ट्यावरून गुळगुळीत पट्ट्यावर त्याच वेगाने या. आवाज लगेच ओळखू येण्याइतका बदलला तर संशय टायरवर. बेअरिंग बिघडलेलं असेल तर रस्ता कसाही असो, ते आपलं गुरगुरत राहतं. गुळगुळीत पट्ट्यावर तर ते उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं, कारण बाकीची गडबड थांबलेली असते.

वजन हलवून. रुंद, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० ला हलक्या हाताने डावीकडे, मग उजवीकडे असं लांबट नागमोडी चालवा. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं. डावीकडे वळताना गुरगुर वाढली आणि उजवीकडे वळताना दबली तर उजव्या बाजूचं बेअरिंग बघायचं, आणि याच्या उलट झालं तर डावं. नियम नव्वद टक्के खरा, असं मी म्हणणार नाही, कारण काही बेअरिंगची रचना अशी असते की ती भार उतरल्यावर जास्त बोंबलतात. म्हणून या चाचणीतून बाजू ‘ठरत’ नाही, फक्त संशयित मिळतो. शिक्कामोर्तब जॅकवर.

सावधान: झटके देऊ नका. गाडी कलंडवायची नाही, वजन सरकवायचं आहे. सोबती घाबरला तर तुम्ही जास्त केलंत.

ब्रेकने. स्थिर वेगात ब्रेक पेडल जेमतेम टेकवा. बारीक, कानात घुसणारी चीं जर ब्रेक टेकवताच थांबली किंवा बदलली तर पॅडच्या झिजेची सूचना देणारी लोखंडी पट्टी डिस्कला लागते आहे, किंवा पॅड बैठकीत सैल आहे. आवाज फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर पॅड आणि डिस्क उघडून बघायची वेळ आली. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या पहिल्या दोन-चार ब्रेकना येणारी खरखर मात्र डिस्कवरच्या पातळ गंजाची. ती आपोआप जाते, तिची दखल घेऊ नका.

अचानक सुरू झालेली, डिस्कवर पत्रा घासावा तशी कर्कश किंचाळी असेल तर आधी गाडी सावकाश मागे घ्या, मग पुढे, असं दोन-तीनदा करा. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेला खडा असा बऱ्याचदा पडून जातो. तो पडला नाही तर चाक काढून पत्रा हलक्या हाताने मागे वाकवावा लागतो.

स्टेअरिंग पूर्ण वळवून. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत नेऊन, पायी चालण्याच्या वेगाने थोडा ॲक्सिलरेटर देत गोल फिरा. मग दुसऱ्या बाजूने. कट् कट् कट् असा मोजता येणारा आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा जॉइंट गेला. लगेच वाकून त्या जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरणारं आवरण, बघा. फाटलेल्या बुटातून उडालेलं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेलं दिसेल. बूट फाटला आहे पण कटकट अजून नाही, असं दिसलं तर तुम्ही नशीबवान. बूट आणि ग्रीस वेळेत बदललं तर जॉइंट वाचतो.

भिंतीजवळून. लांब भिंतीला समांतर, काचा खाली करून सावकाश जा, आणि परत येताना दुसरी बाजू भिंतीकडे ठेवा. भिंतीवरून परतणारा आवाज कोणत्या बाजूचा हे चांगलं दाखवतो. गाडीच्या आत बसून पुढचं-मागचं ठरवू नका. मागच्या चाकाची गुरगुर पत्र्यातून पुढे येते आणि पायाखालून आल्यासारखी वाटते. माझी फसगत नेमकी इथेच झाली होती.

## टप्पा ४: टायर दोषी की निर्दोष?

टप्पा १ आणि ३ मध्ये टायरवर थोडाही संशय आला असेल तर बेअरिंगकडे वळण्याआधी हे करा. पुढची आणि मागची चाकं त्याच बाजूला एकमेकांच्या जागी लावा. उजवीकडचं डावीकडे नेऊ नका. काही टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. पुढच्या-मागच्या टायरांची मापं वेगळी असतील तर ही चाचणी तुमच्या गाडीला लागू नाही.

अदलाबदल झाल्यावर पुढच्या-मागच्या जागेच्या हिशेबाने हवा पुन्हा जुळवा. मग तोच रस्ता, तोच वेग. आवाज पुढून मागे गेला, त्याची पट्टी बदलली किंवा अगदी कमी झाला, तर टायर पकडला गेला. जसाच्या तसा, त्याच जागी राहिला तर टायर सुटला.

स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर आणखी नेमकं करता येतं. संशयित जागी एकेक करून स्टेपनी लावायची आणि फेरी मारायची. वेळखाऊ आहे, पण गुन्हेगार टायर नावानिशी सापडतो.

टायर दोषी ठरला तर नुसता नवा टायर घालून थांबू नका. त्याला असं कशाने झिजवलं ते शोधा. अलाइनमेंट किंवा शॉक ॲब्सॉर्बर तसंच ठेवलं तर नवा टायरही काही महिन्यांत तेच सूर लावेल.

## टप्पा ५: चाक उचलून तपासणी

सावधान: सपाट, कडक जमीन. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत, जॅक स्टँड लावूनच काम. आणि एकच चाक उचलून इंजिनाने ते फिरवू नका. कुठे कुठे असं करून दाखवतात, पण गाडी जॅकवरून उडी मारू शकते.

पुढचं चाक बघायचं तर हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्या आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. मागचं बघायचं तर उलट. हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर चाक फिरणार नाही, म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे आणि गिअर टाकलेला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी असेल तर गिअरही काढावा लागतो. ते काम घरी न केलेलं बरं.

चाकाचे नट घट्टच ठेवा. सैल नटांवर चाक हलवलं तर नटांची ढिलाई बेअरिंगची वाटेल.

हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. खराब बेअरिंगची थरथर स्प्रिंगमधून बोटांना कळते, कानाला ऐकू येण्याआधी. दुसऱ्या बाजूचं चाकही असंच बघा, कारण ‘चांगलं’ कसं लागतं हे माहीत असल्याशिवाय ‘वाईट’ कळत नाही. इंजिनाला जोडलेलं चाक थोडं जड फिरतं आणि आतून हलकासा टक् येतो. तो दोष नाही. हलकी, एकसारखी सूं सूं म्हणजे पॅड डिस्कला टेकतोय. तीही चालते.

मग घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी पकडून चाक आत-बाहेर हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो बेअरिंगमध्ये आहे, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनमध्ये. आता ९ आणि ३ च्या जागी पकडा. फक्त इथेच खेळ असेल तर टाय रॉड एंडवर (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडलेला असतो तो सांधा) बोट ठेवून बघा, तो बोटाखाली हललेला कळतो.

पडताळा: खेळ नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं समजू नका. गुरगुरणारी कित्येक बेअरिंग अजिबात हलत नाहीत. थरथर हा पुरावा धरा, खेळ हा उशिराचा पुरावा. बेअरिंगबरोबर चाकाच्या वेगाचा सेन्सर असलेल्या गाड्यांत ढिलं बेअरिंग एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही पेटवू शकतं.

अजून शंका असेल तर दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक मारत, चालवून या आणि हात रिमच्या मध्यभागाजवळ नुसता न्या, टेकवू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच. तुलना एकाच आडव्या जोडीतली करायची. डाव्यापेक्षा उजवं स्पष्ट गरम लागलं तर तिथे ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग घासतंय.

## टप्पा ६: चाक काढून ब्रेक बघणं

ब्रेकचा संशय नसेल तर हा टप्पा सोडा. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग गाडी उचलायची. अस्तराची जाडी साधारण ३ मिलीमीटरच्या खाली गेली असेल तर त्या जोडीतल्या दोन्ही चाकांचे पॅड बदला. बघताना बाहेरच्या पॅडवर समाधान मानू नका. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना जाम झाल्या की आतला पॅड आधी संपतो, आणि तो रिममधून दिसत नाही.

## टप्पा ७: दुरुस्तीनंतर

बेअरिंग बदलायचं ठरलं तर ते तुमच्या गाडीत कसं बसवलेलं आहे ते आधी विचारा. बोल्टने बसणारं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, बेअरिंगसकट) घरी बदलता येतं. प्रेसने दाबून बसवायचं असेल तर हातोडी लावू देऊ नका. ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या आतल्या वाटांवर खुणा पडतात आणि नवं असूनही ते लवकरच गुणगुणू लागतं. मधला मोठा नट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळायचा.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून पुढचा असे, थोडे थोडे आवळा आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर द्या. बऱ्याच लहान-मध्यम मोटारींना ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, तुमचा आकडा पुस्तिकेत बघा. पान्यावर उभं राहून आवळलेले नट पुढच्या पंक्चरला रडवतात. ५० ते १०० किलोमीटर झाले की टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) पुन्हा एकदा लावा.

मग सोबत्याला घेऊन त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी मारा. घूं घूं गेली पण टिकटिक उरली असेल तर आवाज दोन होते. दुसऱ्यासाठी टप्पा १ पासून सुरुवात करा.